पांबनचा पूल पाहणारी माणसे

आम्ही पूल पाहावयास रामेश्वराकडे निघालो आहो असे कळले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंनी आम्हांस वाटेतच गाठले आणि विचारले, "फादर, आपल्या मलप्रभेवर पूल काय थोडे आहेत, म्हणून एवढ्या लांब समुद्रापर्यंत जायचे?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. खानापूर-बेळगावकडील आम्हां मंडळींना पूल ठाऊक आहे तो एका जागी मुकाट्याने उभा राहणारा, फार तर पावसाळ्यात चार दिवस पाण्याखाली जाणारा. जो पूल नौकेला वाट देण्यासाठी स्वतःच बाजूला होतो आणि ती गेली की पुन्हा जागेवर येऊन बसतो, असा पूल आम्ही लहानपणी केवळ किल्ल्यांच्या गोष्टींत ऐकला होता. खंदकावरचा तो काढता पूल शत्रूला अडविण्यासाठी असे. पांबनचा पूल हलतो तो कोणास अडविण्यासाठी नव्हे, तर वाट देण्यासाठी.

बाईंना आम्ही एवढेच सांगितले की, परत आल्यावर सगळे सांगू. ते सांगणे तीन वर्षे लांबले, कारण त्या पुलाची गोष्टही एका फेरीत संपणारी नव्हती. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी रामेश्वरच्या बेटावर कोळ्यांच्या वस्तीत धर्मगुरू आहेत. त्यांच्या आमंत्रणावरून २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षे आम्ही मे महिन्याची रजा त्यांच्याकडे घालविली. पूल तर आम्ही पाहिलाच, परंतु पूल पाहणारी माणसे आम्ही अधिक पाहिली, आणि हा लेख त्यांच्याविषयी आहे.

प्रथम वाचकांना जागेची ओळख करून दिली पाहिजे. भारताच्या आग्नेय टोकाशी तमिळ देशात मंडपम हे मुख्य भूमीवरील शेवटचे गाव. त्यापुढे सुमारे दोन किलोमीटर समुद्राचे पाणी, आणि पाण्यापलीकडे रामेश्वरचे बेट. बेटावर उतरताच जे पहिले गाव लागते ते पांबन. या अरुंद पाण्याच्या उत्तरेस पाल्कचा उपसागर व दक्षिणेस मन्नारचे आखात आहे. एका समुद्रातून दुसऱ्यात जाऊ पाहणाऱ्या नौकांना हीच जवळची वाट. म्हणजे येथे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, एक गाडीचा आणि एक नौकेचा. गाडीला पूल खाली हवा, नौकेला तो वर हवा.

आपल्या हिंदू बांधवांची काशी-रामेश्वराची यात्रा सर्वांस ठाऊक आहे. परंतु या बेटावर कोळ्यांची पुष्कळ कॅथलिक कुटुंबेही राहतात. पांबन व तंगच्चिमडम या गावांत पहाटे मिस्साची घंटा आणि मासळीची हाक एकाच सुमारास ऐकू येते. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि त्याच वर्षी याच मोत्यांच्या किनाऱ्याकडे निघाले. त्यांच्या मागून गोव्याहून या किनाऱ्यावर आलेले येशूसंघीय फादर आंतोनियो क्रिमिनाली १५४९ मध्ये मंडपमजवळच्या वेदालै येथे मारले गेले. येशूसंघाचे ते पहिले रक्तसाक्षी. तेव्हा गोव्याकडील माणसाने येथे यावे यात नवल असे काही नाही.

आमची पहिली भेट मे २०२३ मधली. गाडी मुख्य भूमीवरच थांबली आणि आम्हांला बस धरावी लागली. आपल्याकडे "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" अशी म्हण आहे. येथे यात्रा रामेश्वरी आणि आगगाडी अलीकडेच, अशी अवस्था होती. कारण जुन्या पुलाच्या उघडणाऱ्या गाळ्याजवळ बसविलेली यंत्रे धोक्याचा इशारा देऊ लागल्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या नेणे बंद केले होते. सुदैवाने २ ऑक्टोबर १९८८ पासून मोटारींसाठी वेगळा उंच पूल आहे, त्यामुळे बेट तुटले नाही. परंतु मासळीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या बायांना बसचे भाडे परवडत नव्हते, आणि बसवाला टोपली पाहताच तोंड फिरवीत होता. आमच्या शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "सामी, गाडीला मासळीचा वास चालत होता." तिकडे धर्मगुरूंना सामी म्हणतात.

संध्याकाळी सहाध्यायी आम्हांला मोटारींच्या पुलावर घेऊन गेले. खाली डाव्या-उजव्या हातांना निळेहिरवे पाणी, त्यात एका ओळीत जुन्या पुलाचे खांब, आणि त्याच्या शेजारी, त्याला समांतर, नव्या पुलाचे खांब. कठड्याशी दहापंधरा माणसे टेकून उभी होती. आम्हांला वाटले, आमच्यासारखेच प्रवासी असतील. परंतु प्रवासी छायाचित्र काढतो व निघून जातो. ही माणसे उभीच होती. सहाध्यायी हसून म्हणाले, "ही सगळी आमच्या वस्तीतली. रोज येतात."

मे महिन्यात त्यांना फुरसत असते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नौका नांगरलेल्या, जाळी दुरुस्त करून झालेली, आणि संध्याकाळ मोकळी. मग पुलाचे किती काम झाले हे पाहावयास सगळे कठड्याशी. कोणता खांब कधी रोवला, कोणत्या दिवशी तराफा वाऱ्याने सरकला, कोणत्या आठवड्यात काम बंद होते, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्यात एक वृद्ध कोळी होते. मुले त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणत. आम्ही त्यांना तिकडच्या रीतीने अय्या म्हणू लागलो. ते फारसे बोलत नसत. जुन्या पुलाच्या एका ठराविक खांबाच्या रेषेत डोळा धरून नव्या पुलाकडे बराच वेळ पाहत, आणि मग घरी जात.

अय्यांचे वय तेव्हा एकाहत्तर. बाराव्या वर्षापासून ते पूल असाच पाहत आले आहेत. त्याचे कारण आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले, आणि ते सांगण्यापूर्वी जुन्या पुलाची हकिकत सांगितली पाहिजे.

जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. भारतातील समुद्रावरचा तो पहिला पूल. मद्रासहून निघालेली बोट मेल त्यावरून बेटाच्या टोकाशी असलेल्या धनुष्कोडीस जाई, आणि तेथून आगबोटीने उतारू सिलोनात तलैमन्नारला उतरत. पुलाच्या मध्यभागी शेर्झर या अमेरिकन अभियंत्याच्या पद्धतीचा उघडता गाळा होता. त्याची दोन पाने. प्रत्येक पानाची बुडाची बाजू डोलखुर्चीच्या पायांसारखी गोलाकार. खुर्ची मागे रेलावी तसे पान मागे कलंडत जाई व त्याचे टोक आकाशाकडे उठे. आणि हे सगळे माणसांच्या हातांनी. कामगार दांडे धरून यंत्राभोवती फिरत, आणि पाऊण तासाने वाट मोकळी होई. नौकेवरून त्यांना हाक मारली तर ते वर न पाहताच उत्तर देत, असे लोक सांगतात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे असेच चालले.

याच लोहमार्गाने एका मुलाचे आयुष्य घडविले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ मध्ये रामेश्वरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरला गाडी थांबेनाशी झाली. तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले वृत्तपत्रांचे गठ्ठे झेलून वाटण्यास ते आपल्या नात्यातील भावाला मदत करीत. ती त्यांची पहिली कमाई. त्यांचे वडील नौकेने यात्रेकरूंना ने-आण करीत. गाडीची वाट आणि नौकेची वाट या दोन्ही त्या घरातून जात होत्या.

मग २२ डिसेंबर १९६४ ची रात्र आली. नाताळ तीन दिवसांवर. चक्रीवादळाने बेट झोडपून काढले. पांबनहून निघालेली धनुष्कोडीची रात्रीची गाडी स्टेशनच्या अलीकडे थांबली. सिग्नल मिळेना. अखेर चालकाने शिट्टी देऊन अंधारात गाडी पुढे काढली असे सांगतात. समुद्राच्या लाटेने ती संबंध गाडी गिळली. आत शंभराहून अधिक माणसे होती, एकही वाचले नाही. धनुष्कोडी गाव गेले आणि पुढे तेथे वस्ती करू नये असे सरकारने ठरविले. पांबनच्या पुलाच्या बहुतेक तुळया समुद्रात पडल्या. मधला उघडता गाळा मात्र टिकला.

सहाध्याय्यांनी आम्हांला धनुष्कोडीस नेले. वाळूत स्टेशनच्या भिंती व पोवळ्याच्या दगडांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. वेदीच्या मागची भिंत आहे, वर छप्पर नाही. अय्या आमच्याबरोबर आले होते. त्यांनी टोपी काढली, चर्चच्या उंबरठ्यावर क्रुसाची खूण केली, आणि आत न येता समुद्राकडे तोंड करून बसले. त्यांचा थोरला भाऊ त्या रात्री धनुष्कोडीस धक्क्यावर हमाल होता. नाताळासाठी तो घरी यावयाचा होता. तो कोठेच सापडला नाही. "गाडी गेली की तो धक्क्यावर गेला, हेही आम्हांला कळले नाही," अय्या म्हणाले. "आईने चार नाताळ दार लावले नाही."

त्यानंतर पूल दुरुस्त करण्याचे काम एका तरुण अभियंत्याकडे आले. ते म्हणजे ई. श्रीधरन, ज्यांनी पुढे कोकण रेल्वे व दिल्लीची मेट्रो बांधून काढली. त्यांना काही महिन्यांची मुदत मिळाली होती, आणि पूल उभा राहिला ४६ दिवसांत. समुद्रात पडलेल्या तुळया कोठे आहेत हे कोळ्यांकडून कळले आणि त्या वर काढून पुन्हा बसविल्या, असे सांगितले जाते. बारा वर्षांचे अय्या तेव्हा वडिलांच्या नौकेत बसून ते काम पाहत. तेव्हापासून पुलाकडे पाहण्याची सवय लागली ती सुटली नाही. आम्ही विचारले, "अय्या, पाहून काय होते?" ते म्हणाले, "ज्याने पडलेला पाहिला, त्याने उभा होतानाही पाहावा."

नव्या पुलाचा शिलान्यास १ मार्च २०१९ रोजी झाला. समुद्रावरील हा पूल दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब. त्याला १०० गाळे. त्यांतील ९९ गाळे एका मापाचे, प्रत्येकी १८.३ मीटर, आणि वर उचलला जाणारा गाळा ७२.५ मीटर लांब. जुन्या पुलाची पाने दरवाजासारखी उघडत, नवा गाळा सबंधच्या सबंध सरळ वर जातो. दोन्ही बाजूंस उंच मनोरे, मनोऱ्यांच्या माथ्यावर मोठी चाके, चाकांवरून पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला गाळा, दुसऱ्याला तितक्याच तोलाची वजने. ज्यांनी विहिरीवर कप्पी पाहिली आहे आणि बाजारात तराजू पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. वजने खाली येतात, गाळा वर जातो. विजेच्या यंत्राला केवळ तोल ढळवावा लागतो. म्हणून पूर्वी ज्यास पाऊण तास लागे त्यास आता साडेपाच मिनिटे लागतात. गाळा १७ मीटर वर उचलला की खालून समुद्राच्या पाण्यापासून २२ मीटर उंचीची वाट मोकळी होते.

दुसऱ्या वर्षी, मे २०२४ मध्ये, आम्ही गेलो तेव्हा कठड्याशी पूर्वीपेक्षा अधिक गर्दी होती. कारण तो मोठा गाळा वाटेत होता. किनाऱ्याजवळ जोडून झाल्यावर मार्चमध्ये त्याला पुलाच्या मध्याकडे सरकवावयास सुरुवात झाली होती. वजन सुमारे ६६० टन, आणि वाट सरळ नव्हे तर वळणाची. आपल्या बैलगाडीवर लांबच लांब वासा घालून गावातल्या बोळातून वळवताना काय तारांबळ उडते ते आठवा. येथे वासा पोलादाचा आणि बोळ समुद्रावरचा. एखाद्या दिवशी गाळा थोडा पुढे जाई, एखाद्या दिवशी मुळीच नाही. वारा सुटला की काम थांबे.

अय्यांच्या शेजारच्या घरातील एक आठवीतील मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन येई. जुन्या पुलाच्या खांबांना तिने अंक दिले होते, आणि नव्या गाळ्याचे पुढचे टोक आज कोणत्या खांबासमोर आले ते ती तारखेसह लिहून ठेवी. पानेच्या पाने भरली होती. कित्येक दिवसांपुढे तोच अंक होता. "आज हलला नाही," असे ती लिही. आम्ही विचारले, "बाळ, हलला नाही तर लिहायचे कशाला?" तिने अय्यांकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "तात्ता म्हणतात, हलला नाही हेही लिहायचे. नाहीतर घाई केली असे पुढच्यांना वाटेल."

सगळेच काही कौतुकाने पाहत होते असे मात्र नव्हे. बंदी उठल्यावर नौकांना वाट वेळेवर मिळेल की नाही, ही काळजी तरुण कोळी बोलून दाखवीत. काम चालू असताना दुसऱ्या समुद्रात जायचे तर थांबून राहावे लागते, आणि थांबलेल्या नौकेत डिझेल जळत नसले तरी बर्फ वितळतोच, असे एकाने सांगितले. मासळीवाल्या बायांना गाडी हवी होती, दर्यावरच्या पुरुषांना वाट हवी होती. एकाच घरात नवऱ्याला पूल वर हवा आणि बायकोला तो खाली हवा. तेव्हा आमच्या ध्यानात आले की या पुलावर त्या घरांचा दुहेरी जीव आहे.

त्या वर्षी निघताना एक गोष्ट अय्यांच्या तोंडून ऐकली ती आम्ही विसरलो नाही. प्रवाशांपैकी कोणी तरी मोठ्याने म्हणाला, "एवढा प्रचंड गाळा वर जाणार! काय दृश्य असेल!" अय्या हळूच आमच्या सहाध्याय्यांना म्हणाले, "वर जाणे पाहुण्यांसाठी. सामी, आम्हांला त्याचे खाली बसणे पाहायचे आहे." सहाध्याय्यांनी ते आम्हांला समजावून सांगितले, तेव्हा प्रथम त्यात विशेष काही वाटले नाही. परंतु परतीच्या रात्री गाडीत ते शब्द पुन्हा पुन्हा आठवू लागले. वर गेलेल्या पुलावरून गाडी जात नाही. तो खाली येऊन केसाएवढेही अंतर न ठेवता बसला, रूळाला रूळ लागला, तरच माणसांचे जीव पलीकडे जातात.

जुलैच्या अखेरीस सहाध्याय्यांचे पत्र आले की गाळा आपल्या जागी पोहोचला. मुलीच्या वहीत त्या दिवशी केवळ एक शब्द होता, "आला." पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी पुलाची तपासणी केली. त्यांनी कामातील काही उणिवा दाखविल्या, काही ठिकाणी लागलेल्या गंजाकडे लक्ष वेधले, आणि वेगावर मर्यादा घालून पुलास मान्यता दिली. साध्या गाळ्यांवर ताशी ७५ किलोमीटर, उचलत्या गाळ्यावर ५०. येथील हवेत मीठ इतके की नव्या सायकलीला महिन्यात तांबेरा चढतो. त्यामुळे या अहवालाची बातमी आली तेव्हा वस्तीत घबराट झाली नाही. उलट कोणी तरी बारकाईने पाहिले याचे समाधान वाटले, असे सहाध्याय्यांनी कळविले.

६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते पुलाचे उद्घाटन झाले. मोटारींच्या पुलावर उभे राहून त्यांनी गाडीला निशाण दाखविले, आणि उचललेल्या गाळ्याखालून तटरक्षक दलाची नौका गेली. रामेश्वरहून चेन्नईजवळच्या तांबरमकडे नवी गाडी सुटली. समारंभ थाटाचा झाला. परंतु त्याच दिवशी गाळा खाली उतरताना अडखळला, असे वृत्तपत्रांत आले. तंत्रज्ञांनी तो दोष लवकरच दूर केला. आम्ही ती बातमी बेळगावास वाचली आणि आमच्या डोळ्यांसमोर पहिल्याप्रथम आले ते अय्या. पाहुणे वर जाणे पाहून निघून गेले असतील, आणि कठड्याशी उभ्या असलेल्यांनी ते अडखळणे पाहिले असेल.

महिन्याभराने आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी बस धरावी लागली नाही. मंडपम सोडल्यावर डब्यातील सगळे खिडक्यांशी आले. समोरच्या बाकावरील बाईची टोपली पायांशी होती आणि तिचा वास साऱ्या डब्यात होता, आणि कोणी काही म्हणाले नाही. उचलत्या गाळ्यावर गाडीचा आवाज बदलला, पोकळ झाला, आणि मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. शेजारी जुना पूल रिकामा उभा होता. तो काढून टाकण्याची भाषा तेव्हाच सुरू झाली होती.

अय्या स्टेशनवर आले होते. ते अजून गाडीत बसले नव्हते. "आधी पाहतो," एवढेच म्हणाले. दोन दिवसांनी काही नौकांसाठी पूल उघडणार असल्याचे कळले, आणि आम्ही सगळे कठड्याशी गेलो. नौकेला तेव्हा दोन्ही पूल पार करावयाचे असत, म्हणून दोन्ही दारे उघडावी लागत. जुन्या पुलाची पाने आकाशाकडे उभी होती. भोंगा वाजला. नवा गाळा हलला, चहा फुंकून पिण्याइतक्या वेळात वर गेला, आणि प्रवाशांनी टाळ्या वाजविल्या. नौका एकामागून एक खालून निघून गेल्या. बहुतेक प्रवासीही निघून गेले.

मग गाळा खाली येऊ लागला. कठड्याशी एकदम शांतता झाली. मुलीने वही उघडली होती, परंतु ती लिहीत नव्हती. अय्यांनी जुन्या पुलाच्या आपल्या खांबाच्या रेषेत डोळा धरला होता. गाळ्याच्या दोन्ही टोकांकडे ते आळीपाळीने पाहत होते, तराजूच्या पारड्यांकडे वाणी पाहतो तसे. शेवटचे हातभर अंतर फार हळू सरले. तो टेकल्याचा आवाज आम्हांला ऐकू आला नाही, पण अय्यांचा हात कठड्यावरून सुटलेला आम्ही पाहिला. "समान," ते म्हणाले. मुलीने तेवढाच शब्द लिहिला आणि तारीख घातली.

वाचकहो, नव्या वस्तूचे कौतुक करणे सोपे असते. आपल्या गावात शाळा निघते, दवाखाना निघतो, चर्चला नवा घुमट चढतो. त्या दिवशी आपण सगळे जातो, टाळ्या वाजवितो, जेवण करून घरी येतो. त्यानंतर ती वस्तू रोज नीट चालते की नाही हे पाहणारे एखाद-दोनच असतात. पांबनच्या कोळ्यांकडे ना अभियंत्याची पदवी, ना कोणी त्यांना नेमलेले. पण पाच वर्षे त्यांनी तो पूल डोळ्यांआड होऊ दिला नाही. ज्यांच्या घरातील माणूस एके काळी त्या वाटेवर हरवला, त्यांना ही राखण कोणी शिकवावी लागत नाही. आम्हांला मात्र ती तीन वर्षे जाऊन शिकावी लागली.

निघण्याच्या दिवशी अय्या आम्हांला पोहोचवावयास स्टेशनपर्यंत आले नाहीत. आम्हांला थोडे वाईट वाटले. गाडी पुलावर आली तेव्हा सहज वर मोटारींच्या पुलाकडे नजर गेली. कठड्याशी ते उभे होते, शेजारी वहीवाली मुलगी. आम्ही खिडकीतून रुमाल हलविला. मुलीने हात हलविला. अय्यांनी हलविला नाही. ते आमच्याकडे पाहतच नव्हते. गाडी उचलत्या गाळ्यावर होती, आणि ते गाळ्याकडे पाहत होते.